भाव उतरत असताना एजंट सारखी किंमत कमी करायला सांगतोय. तो ग्राहकाला मिळालेला असेल का?

तुम्ही लिहिलंय की चार महिन्यांपूर्वी टू बीएचके 80 लाखांना लावला, तेव्हा एजंट "आरामात जाईल" म्हणाला. आता तोच 70 वर या म्हणतोय, आणि त्याने आणलेली पार्टी 68 च्या वर यायला तयार नाही. घरच्यांना वाटतंय तो समोरच्याला मिळालाय, म्हणून एजंट बदलायचा विचार आहे.

हाच संशय मी 2019 साली आठ महिने मनात धरून होते. आईचा पुण्याजवळच्या पिंपळे सौदागरचा फ्लॅट विकायचा होता आणि डिसेंबरच्या आत पैसे हवे होते. आमच्याच सोसायटीतला एक फ्लॅट 2014 साली 72 ला गेला होता, म्हणून आम्ही 74 सांगायला सुरुवात केली. दुसऱ्या महिन्यात एक जण 69 द्यायला तयार होता, त्याला आम्ही नाही म्हटलं. पाचव्या महिन्यात एजंट आईला म्हणाला, "काकू, 66 आले तर सोडू नका." त्या रात्री मी हिशोब मांडला. दलाली एक टक्का. घर 72 ला गेलं तर त्याला 72 हजार, 65 ला गेलं तर 65 हजार. त्याचं नुकसान सात हजारांचं, आमचं सात लाखांचं. मग तो आमच्यासाठी कशाला भांडेल?

हिशोब बरोबर होता. त्यातून मी काढलेला अर्थ चुकला. त्या आकड्यांवरून एवढंच कळतं की एजंटाला सौदा लवकर व्हायला हवा आहे. तो सांगतोय तो भाव खोटा आहे, हे त्यातून सिद्ध होत नाही. त्याची घाई आणि त्याचा भाव या दोन गोष्टी वेगळ्या काढून तपासा. तुमच्या प्रश्नाला माझं उत्तर हेच आहे.

भाव खरंच पडला होता का? होता. नोटाबंदीनंतर आमच्या भागातलं रिसेल मंदावलंच होतं. 2018 च्या सप्टेंबरात आयएल अँड एफएस या बड्या वित्तसंस्थेने कर्ज थकवल्याचं प्रकरण झालं, बिल्डरांना मिळणारा पैसा आटला, आणि ते पडून असलेले फ्लॅट काढायला नाना ऑफर देऊ लागले. त्यात 1 एप्रिल 2019 पासून बांधकाम चालू असलेल्या घरांवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्क्यांवर आला. तोवर "आमच्या तयार घराला जीएसटी नाही" हा आमचा हुकमी मुद्दा होता, त्यातली निम्म्याहून जास्त हवा एका दिवसात गेली. शिवाय नवीन प्रकल्पात बिल्डर एजंटाला आमच्यापेक्षा जास्त कमिशन देत होता. तीच पार्टी वाकडला किंवा रावेतला नेली तर त्याचा जास्त फायदा होता. ही गोष्ट एजंट स्वतःहून सांगत नाहीत, तुम्हाला विचारावी लागते.

आणखी एक गोष्ट मला फार उशिरा कळली. चढा भाव लावलेलं घर एजंटांना तुलनेसाठी उपयोगी पडतं. आधी आमचं 74 चं दाखवायचं, मग शेजारच्या सोसायटीतलं 66 चं. दुसरं घर ग्राहकाला आपोआप स्वस्त वाटतं. आमच्याकडे माणसं येत होती, व्हिजिट होत होत्या, आई दर वेळी आशेने फोनची वाट बघायची, आणि आमचं घर दुसऱ्याचं घर विकायला मदत करत होतं. तुमच्याकडे व्हिजिट भरपूर आणि आकडा सांगणारा कोणीच नाही असं होत असेल, तर भाव चढा आहे हे नक्की समजा.

आता एजंटाची बाजू. एका रविवारी मी ठरल्या वेळेच्या अर्धा तास आधी फ्लॅटवर पोचले. दार उघडंच होतं. आमचा एजंट पँट दुमडून बाल्कनीत बसला होता आणि जुन्या वर्तमानपत्राने कबुतरांची घाण खरवडत होता. शेजारी बादली. आत सगळ्या खिडक्या उघडलेल्या, बंद घराचा वास जावा म्हणून. हॉलची ट्यूब गेली होती, तीही त्याने नवीन आणून लावलेली. मला बघून म्हणाला, "ताई, आत आल्या आल्या सगळे आधी बाल्कनीत जातात." त्याच आठवड्यात मी त्याला फोनवर सुनावलं होतं की भाव इतका पाडायला सांगताय तर दलाली अर्धाच टक्का मिळेल. मला अतिशय लाज वाटली. पेट्रोल त्याचं, रविवार त्याचा, आणि सौदा झाला नाही तर हातात शून्य.

त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला नीट विचारलं, खरा भाव किती? तो म्हणाला, "ताई, पहिल्याच दिवशी 66 म्हटलं असतं तर तुम्ही घर मला दिलं असतंत का?"

नसतं दिलं. आम्ही तीन एजंटांना विचारलं होतं आणि सगळ्यात मोठा आकडा सांगणाऱ्याला निवडलं होतं. एकाने 67 सांगितले होते. तो आम्हाला नकारात्मक वाटला, त्याला परत फोनही केला नाही. तुमच्या एजंटाने 80 ला "आरामात जाईल" म्हणणं हे बहुधा असंच घडलंय. तो चुकलाच, पण घर मिळवायला त्याला तेच बोलावं लागतं हेही लक्षात घ्या.

म्हणून भाव त्याच्याकडून नको, तुमच्या घरच्यांकडूनही नको, कागदावरून काढा. राज्याच्या नोंदणी व मुद्रांक विभागाच्या संकेतस्थळावर ई-सर्चची मोफत सोय आहे. वर्ष, जिल्हा, तालुका, गाव आणि तुमच्या अॅग्रीमेंटमधला सर्व्हे नंबर टाकला की नोंदलेले व्यवहार दिसतात. इंडेक्स टू, म्हणजे त्या व्यवहाराचा नोंदलेला गोषवारा, उघडा आणि त्यातला 'मोबदला' हा रकाना बघा. लिफ्टमध्ये कोणी काय सांगितलं ते सोडून द्या. आमच्या सोसायटीत गेल्या वर्षभरात तीन फ्लॅट गेलेले निघाले, 64 ते 66 च्या मध्ये. त्यांच्यापैकी एक शेजारी आम्हाला "सत्तरच्या खाली दिलाच नाही" असं सांगून गेला होता. नोंदलेल्या रकमेबाहेर रोख व्यवहार झालेला असू शकतो, तेवढी सूट धरा. तरीही दिशा कळते.

त्याच कागदावर 'बाजारभाव' असतो, तो रेडी रेकनरवरून, म्हणजे सरकारने ठरवलेल्या दरांवरून आलेला. भाव पडतात तेव्हा रेकनर मागे राहतो. आमच्याकडे 2018-19 आणि 2019-20 ला सरकारने दर बदललेच नव्हते. सौदा रेकनरच्या खाली गेला तर ग्राहकाला मुद्रांक शुल्क रेकनरच्या रकमेवर भरावं लागतं, आणि फरक ठरावीक मर्यादेबाहेर गेला तर आयकरासाठी तुमचा भांडवली नफाही त्या वरच्या रकमेवर धरला जातो. 68 ला हो म्हणण्याआधी हे सीएला दाखवा.

संशय कधी घ्यायचा? एजंट तुम्हाला पार्टीशी बोलूच देत नसेल, चार महिने फिरून फिरून एकच ग्राहक आणत असेल, "आजच टोकन घ्या" म्हणून मागे लागला असेल, किंवा रकमेची जागा कोरी ठेवून विसार पावतीवर सही मागत असेल, तर मात्र थांबा. दोन्हीकडून दलाली घेणं आपल्याकडे सर्रास चालतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही. समोरून किती घेताय, हे सरळ विचारा. उत्तर द्यायला अडखळला तर ती गोष्ट महत्त्वाची. महारेराचा, म्हणजे राज्याच्या गृहप्रकल्प नियामकाचा, एजंटांवरचा धाक मुख्यतः नोंदणीकृत प्रकल्पांपुरता आहे. जुन्या सोसायटीतल्या रिसेलमध्ये तुमच्या दोघांमधला लेखी कागदच कामी येतो. दलाली किती, कधी द्यायची आणि घर किती दिवस त्याच्याकडे, एवढं एका पानावर लिहून घ्या.

आमचं घर शेवटी साडेपासष्टला गेलं. आठ महिन्यांचा मेंटेनन्स, घरपट्टी आणि नाकारलेले 69. दलाली एक टक्का, पूर्ण, खरेदीखताच्या दिवशी दुय्यम निबंधकाच्या ऑफिसातच दिली.

तर एजंट लगेच बदलू नका. आधी इंडेक्स टू काढा. तो कागद घेऊन त्याच्यासमोर बसा आणि विचारा, हे व्यवहार तुम्हाला माहीत होते का. माहीत असून 80 म्हणाला असेल तर का, हेही ऐकून घ्या. नोंदी 68-70 च्या आसपास असतील तर तोच एजंट ठेवा आणि 72 लावा. नोंदी 75 च्या असतील तर खुशाल दुसरा बघा, फक्त या वेळी सगळ्यात मोठा आकडा सांगणारा निवडू नका.