१७० मिमी एन्ड्युरो फ्रेम घेताना: आधी सीट ट्यूब बघा, ट्रॅव्हल नंतर

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: उंची १७८ सेंमी, वजन ८२ किलो. पुण्याहून बर्नबीला (कॅनडात, व्हँकूव्हरजवळ) येऊन दोन वर्षं झाली. दर रविवारी माउंट फ्रॉम नाहीतर सीमोर, आणि उन्हाळ्यात व्हिसलरच्या बाइक पार्कला (तिथे लिफ्ट वर नेते) दहाएक दिवस. सेलमध्ये १७० मिमी ट्रॅव्हलचा (धक्का घेताना चाक जितकं सरकतं ते अंतर) रॉकशॉक्स झेब फोर्क, म्हणजे पुढचं सस्पेन्शन, घेऊन ठेवलाय, मागचा ॲक्सल १४८ मिमीचा (बूस्ट) असलेली चाकं आहेत, श्रॅमच्या जीएक्सचे बारा गिअर आहेत, ३१.६ मिमीचा ड्रॉपर (चालवता चालवता खाली-वर करता येणारी सीट पोस्ट) आहे. आता यावर १७० मिमी ट्रॅव्हलची कार्बन एन्ड्युरो (स्वतः पेडल मारत चढून खडबडीत उतार उतरायची) फ्रेम कुठली घ्यावी?

मी नऊ वर्षं नॉर्थ व्हँकूव्हरला राहतोय आणि तीन फ्रेमा नुसत्या आणून घरी बांधल्यात. दुसऱ्या वेळी जी चूक केली ती आधी सांगतो, कारण तुमच्या प्रश्नात मला तीच दिसतेय.

तेव्हा मी ट्रॅव्हल पाहिला, हेड अँगल (फोर्कचा कल) पाहिला, रिच (क्रँकच्या अक्षापासून पुढच्या हेड ट्यूबपर्यंतचं आडवं अंतर) पाहिला आणि पैसे भरून मोकळा झालो. फ्रेम आली, शनिवारी सकाळी स्टँडला लावली, २०० मिमीचा ड्रॉपर आत सरकवला आणि तो मध्येच अडला. सीट ट्यूब खाली पुढच्या बाजूला वळवलेली होती, शॉकच्या (मागच्या सस्पेन्शनच्या) लिंकेजला, म्हणजे सांध्यांच्या जोडणीला, जागा मिळावी म्हणून. पोस्टची कॉलर ट्यूबच्या तोंडापासून ४५ मिमी वरच राहिली. त्या उंचीवर माझे पाय पेडलला पुरेनात. कंपनीला मेल केला तर पोस्ट पूर्ण आत जाते असं उत्तर आलं, आणि ते चुकीचं होतं. शेवटी १७० मिमीचा ड्रॉपर घ्यावा लागला. फ्रॉमवरच्या उभ्या, ओल्या खडकांवरून उतरताना मागे सरकायला जागाच उरायची नाही, सीट पोटाला टोचायची. दोन सीझन तशीच चालवली.

म्हणून सगळ्यात आधी पोस्ट किती आत जाते तो आकडा मागा, आणि तुमच्याच साइजचा मागा, कारण तो साइजप्रमाणे बदलतो. ट्यूबचा व्यासही विचारा. तुमचा ३१.६ चा ड्रॉपर ३४.९ च्या ट्यूबमध्ये शिम (पातळ नळी) घालून चालेल, ३०.९ मध्ये जाणारच नाही.

याच ट्यूबची दुसरी गोष्ट म्हणजे सीट अँगल. जाहिरातीत ७७-७८ अंश लिहिलेले असतात ते इफेक्टिव्ह, म्हणजे ठरावीक उंचीवर मोजलेले. ट्यूब प्रत्यक्षात त्याहून बरीच मागे कललेली असते, त्यामुळे सीट जितकी वर न्याल तितकी ती मागे जाते. तुम्ही माउंटन हायवेवरून फ्रॉम चढता तेव्हा अर्धा-पाऊण तास सीटवर बसूनच असता. वजन मागच्या चाकावर गेलं की शॉक दबलेला राहतो, पुढचं चाक तरंगायला लागतं, आणि वर पोचेपर्यंत कंबर धरते. १७८ सेंमीला ४७५-४८० मिमी रिच बरा. पण तो उभं राहून उतरतानाचा आकडा आहे, चढणीचा नाही.

आता ट्रॅव्हल. मागे १६० आणि १७० यातला फरक चालवताना फारसा कळत नाही, लिव्हरेजचा, म्हणजे शॉक एक मिमी दबला की चाक किती मिमी सरकतं त्या प्रमाणाचा, कळतो. १७० मिमी ट्रॅव्हल आणि ६५ मिमी स्ट्रोकचा (इतका दबणारा) शॉक म्हणजे सरासरी प्रमाण २.६. हेच प्रमाण सुरुवातीला ३.० आणि शेवटी २.२५ असेल तर फ्रेम २५ टक्के प्रोग्रेसिव्ह (शेवटाकडे घट्ट होत जाणारी) झाली. अशा फ्रेमवर कॉइल (स्प्रिंगचा) शॉक बिनधास्त लावा, मोठ्या ड्रॉपवर तो सहसा तळाला आपटणार नाही. हेच प्रोग्रेशन दहा-बारा टक्के असेल तर एअर (हवेचा) शॉक घ्या आणि व्हॉल्यूम स्पेसर (आतली हवेची जागा कमी करणारे तुकडे) घालत बसायची तयारी ठेवा. लिव्हरेजचा आलेख बहुतेक कंपन्या देतात. देत नसतील तर मागा. टाळाटाळ झाली तर मी ती फ्रेम यादीतून काढतो.

तुमचा फोर्क १७० आहे, तेव्हा मागे १६० ची फ्रेम चालेल, फक्त ती १७० च्या फोर्कसाठीच आखलेली आहे ना ते बघा. १६० साठी आखलेल्या फ्रेमला १० मिमी जास्तीचा फोर्क लावलात तर हेड अँगल साधारण अर्धा अंश सपाट होतो, बॉटम ब्रॅकेट (क्रँकचा अक्ष बसतो ती जागा) उचलला जातो आणि रिच थोडा कमी होतो. बिघडत काहीच नाही, पण हे माहीत असून करावं.

मापांचं पटकन सांगतो. मागचा ॲक्सल १४८ आहे ना ते बघा. नॉली इथलीच कंपनी, फ्रेमा दणकट, पण ती १५७ मिमी वापरते, म्हणजे तुमचं मागचं चाक बाद. बॉटम ब्रॅकेट थ्रेडेड ७३ मिमीच घ्या, प्रेसफिट (आट्यांशिवाय दाबून बसवलेला) नको. डिरेलरचा हँगर यूडीएच (श्रॅमने आणलेला प्रमाण मापाचा) हवा. तुमचा आत्ताचा जीएक्स त्यावर चालेलच, आणि पुढेमागे श्रॅमचं ट्रान्समिशन (ज्याचा डिरेलर थेट फ्रेमला बसतो) घ्यावंसं वाटलं तर त्याला यूडीएचशिवाय जागा नाही. ज्या फ्रेमच्या केबली हेडसेटमधून (फोर्क फिरतो त्या बेअरिंगच्या सांध्यातून) जातात ती मी घेणार नाही. वरचं एक बेअरिंग बदलायचं म्हणजे मागच्या ब्रेकची नळी सोडा, परत तेल भरा. इथल्या पावसात ते बेअरिंग दरवर्षी बदलावं लागतं. शॉकशिवाय फ्रेम घेणार असाल तर माप नीट वाचा. २०५×६५ ट्रनियन (वरचं टोक दोन्ही बाजूंनी बोल्टने बसणारा) आणि २३०×६५ दोन्हींचा स्ट्रोक एकच, पण एकाच्या जागी दुसरा बसत नाही.

बेअरिंगचा विषय निघालाच आहे तर थोडं सविस्तर लिहितो, कारण इथे खरा खर्च तोच आहे. गेल्या मार्चमध्ये खालच्या लिंकचा बोल्ट काढला. शॉक काढून मागचा त्रिकोण हाताने वर-खाली केला तर मध्ये एका जागी टक्क करून अडकत होता. सील नखाने उचललं तर आतून ग्रीसऐवजी चहाच्या रंगाचं पाणी आलं. छर्रे सगळे एका बाजूला खाल्लेले. लिंकेजचं बेअरिंग चाकासारखं गोल फिरत नाही, काही अंशच मागेपुढे होतं, त्यामुळे सगळा मार मोजक्या छर्‍यांवर पडतो. म्हणून इथे ‘मॅक्स’ प्रकारचं, पिंजरा नसलेलं, छर्‍यांनी गच्च भरलेलं बेअरिंग लावतात. फ्रेम घेण्याआधी बेअरिंगचे नंबर बघा. ६९०२ सारखा (१५×२८×७ मिमी) साधा नंबर असेल तर ते कुठेही मिळतं. सांताक्रूझ पहिल्या मालकाला लिंकेजची बेअरिंग आयुष्यभर फुकट देते. इथल्या हवेत ही सोय खरंच मोलाची आहे.

आता नावं. तुमच्या जागी मी असतो तर ॲल्युमिनियम घेतलं असतं. रॉ मॅडोना: मागे १६०, बेअरिंग दांडगी, मागच्या ब्रेकची नळी बाहेरून. बनशी टायटन: मागे १५५. आकडा कमी वाटेल, पण सीमोरच्या मुळ्यांवरून मित्राची चालवली आहे, कुठेही कमी पडली नाही. १७० च हवा असेल तर ट्रान्झिशन स्पायर, हेड अँगल ६२.५-६३. कंपनी सीमेपलीकडे बेलिंगहॅमची, तेव्हा अशाच डोंगरांवर घासूनपुसून झालेली फ्रेम आहे. ती ॲल्युमिनियममध्येही निघाली. वजन जास्त भरेल, पूर्ण सायकल सोळा किलोच्या पुढे जाईल, हे खरं. पण कार्बनचे वाचलेले पैसे शॉक तुमच्या ८२ किलोला ट्यून करून घेण्यात आणि दोन चांगल्या टायरांत घाला.

नॉर्को रेंजसारख्या हाय पिव्हट (मागच्या त्रिकोणाचा सांधा उंचावर असलेल्या) फ्रेमचं तुम्ही विचारलंत. खडबडीत उतारावर मागचं चाक धक्क्याबरोबर मागे सरकतं, त्यामुळे ती अशी वाहते की उतरल्यावर हसू येतं. पण चेन आयडलरवरून (जादा चक्रीवरून) जाते, १२६ कड्यांची एक चेन बरेचदा पुरत नाही, आणि हिवाळ्यात चिखल बसला की चढणभर करकर चालू असते. व्हिसलरची लिफ्ट हेच तुमचं मुख्य ठिकाण असतं तर मी हीच सांगितली असती. दर रविवारी पेडल मारत चढायचं असेल तर नको.

जुनी मिळत असेल तर शॉकच्या माउंटपाशी आणि हेड ट्यूबखाली वेल्डवर बोट फिरवून बघा. रंगात केसाएवढी रेघ दिसली तरी सोडून द्या.

ही सायकल सुट्टीत पुण्याला न्यायचा विचार लिहिलात. सिंहगडाच्या आणि टेकड्यांच्या वाटांना १३० मिमी भरपूर होतं, विमानाचे पैसे त्यात घालू नका.

बॉटम ब्रॅकेटच्या मध्यापासून सीटच्या माथ्यापर्यंत, तुमच्या आत्ताच्या सायकलवर पेडलिंगच्या उंचीला, टेपने मोजा. ड्रॉपरची पूर्ण लांबीही मोजा. दोन्ही आकडे इथे लिहा, म्हणजे या तिन्हींपैकी कुठल्या फ्रेमच्या कुठल्या साइजमध्ये तो पूर्ण आत जाईल ते हिशेब करून सांगतो.