रीफ टँकमध्ये आयोडिन, स्ट्रॉन्शियम आणि ट्रेस मिक्स किती घालायचं?

तुमच्या प्रश्नातलं महत्त्वाचं आधी मांडतो. ठाण्यात ३०० लिटरचा रीफ टँक, म्हणजे कोरलसाठी खाऱ्या पाण्याचा टँक, त्यात झोआ, हॅमर, टॉर्च ही कोरलं आणि अ‍ॅक्रोपोराचे दोन फ्रॅग, म्हणजे या फांद्यांच्या कोरलचे कापलेले तुकडे. आल्कलिनिटी (पाण्यातल्या कार्बोनेटचं माप, एकक डीकेएच) १०.५ डीकेएच, नायट्रेट-फॉस्फेट शून्य, अ‍ॅक्रोपोराची टोकं पांढरी. दुकानदाराच्या मते ट्रेस एलिमेंट (पाण्यात अत्यल्प लागणारी मूलद्रव्यं) कमी पडताहेत, म्हणून त्याने आयोडिन, स्ट्रॉन्शियम आणि 'ट्रेस मिक्स' अशा तीन बाटल्या दिल्या. डोस किती, आणि पाणी परदेशी लॅबला पाठवून आयसीपी टेस्ट (पाण्यातली मूलद्रव्यं मोजणारी तपासणी) करावी का, असं तुम्ही विचारलंय.

टेस्ट करा. बाटल्या तूर्त उघडू नका.

टोकं आधी भिंगातून पाहा. मांस शाबूत असेल, पॉलिप (कोरलचे इवले जीव) बाहेर येत असतील, तर ती वाढ आहे. अ‍ॅक्रोपोराचं वाढतं टोक फिकटच असतं, नव्या मांसात शैवाल अजून भरलेलं नसतं. पण मांस जाऊन नुसता सांगाडा दिसत असेल आणि त्यावर तपकिरी थर चढायला लागला असेल, तर माझा संशय आल्कलिनिटीवर. समुद्रात ती ७ डीकेएचच्या आसपास असते. नुसती १०.५ असणं वाईट नाही; सोबत नायट्रेट-फॉस्फेट शून्य असले की टोकं जळतात, हे एसपीएस (अॅक्रोपोरासारखी बारीक पॉलिपची कोरलं) ठेवणाऱ्या कुणालाही विचारा. आल्कलिनिटीचा डोस कमी करून ती आठ-साडेआठपर्यंत आणा, दिवसाला अर्ध्या डीकेएचपेक्षा जास्त नाही, आणि नायट्रेट-फॉस्फेट थोडे वाढावेत म्हणून माशांना थोडं जास्त खायला घाला. याला तिन्हीपैकी एकही बाटली लागत नाही.

मग खारटपणा. रिफ्रॅक्टोमीटर (खारटपणा मोजायचं उपकरण) आरओच्या पाण्यावर शून्य करून भागत नाही, ३५ पीपीटीच्या (हजारात ३५ भाग मीठ) द्रावणावर तपासावा लागतो. पाणी प्रत्यक्षात ३२ असेल तर सगळेच घटक साधारण ९ टक्के कमी दिसणार: कॅल्शियम ४२० ऐवजी ३८४, मॅग्नेशियम १२९० ऐवजी ११८०, पोटॅशियम ४०० ऐवजी ३६५. माणूस तीन बाटल्या घेऊन येतो आणि कमी असतं फक्त मीठ.

आता आयसीपी. हजारो अंश तापलेल्या आर्गॉनच्या प्लाझ्मात तुमचं पाणी फवारतात, प्रत्येक मूलद्रव्य आपापल्या ठरलेल्या तरंगलांबीचा प्रकाश सोडतं, तो मोजतात. कॅल्शियम, मॅग्नेशियम, पोटॅशियम, स्ट्रॉन्शियम, बोरॉन यांच्या आकड्यांवर मी भरवसा ठेवतो. लोह, मँगनीज, कोबाल्ट यांच्यावर नाही. खुल्या समुद्राच्या पृष्ठभागावर लोह लिटरला एका मायक्रोग्रॅमच्याही पुष्कळ खाली असतं. असा प्रकाश मोजणाऱ्या नेहमीच्या आयसीपी-ओईएस यंत्राला ते दिसतच नाही. तेव्हा रिपोर्टमधलं 'शून्य' म्हणजे 'आमच्या यंत्राला सापडलं नाही', एवढंच. अणूंचं वस्तुमान मोजणारी आयसीपी-एमएस पद्धत बरीच खालपर्यंत पाहते, पण खर्चिक असते. आणि रिपोर्ट देणाऱ्या बऱ्याच कंपन्या बाटल्याही विकतात, हे लाल रंगातला सल्ला वाचताना ध्यानात असू द्या.

माझ्या मते रिपोर्टची खरी किंमत पाण्यात काय नाही यापेक्षा जे असायला नको ते सापडण्यात आहे. तांबं, कथील, जस्त, अॅल्युमिनियम. कथील काही प्लास्टिकच्या नळ्यांतून येतं, अॅल्युमिनियम काही फॉस्फेट काढणाऱ्या मीडियातून (फिल्टरमधल्या भरावातून), जस्त एखाद्या गॅल्व्हनाइज्ड क्लॅम्पवर पाणी उडत असलं तरी येतं. तांब्यासाठी आपल्याकडे एक खास वाट आहे: घरगुती आरओ. हल्ली पिण्याच्या पाण्यात मुद्दाम तांबं आणि खनिजं परत घालणारी कार्ट्रिज असलेले आरओ सर्रास मिळतात. माणसाला चालेल ते पाणी कोळंबी, गोगलगाय आणि कोरलला चालत नाही, कारण समुद्रात तांबं लिटरला एका मायक्रोग्रॅमच्या आतच असतं. तुमचा आरओ तसला असेल तर मेंब्रेननंतर, कार्ट्रिजच्या आधी टी (तीन तोंडांचा जोड) टाकून पाणी घ्या, पुढे उरलेले क्षार काढणारं डीआय रेझिन लावा आणि टीडीएस शून्य आल्याशिवाय मीठ कालवू नका. पितळी तोट्या काढा. तांब्याची कॉइल टँकच्या पाण्यात बुडवणारा जुगाडू चिलर असेल तर तो तर आजच काढा. दगड सेकंडहँड असतील तर जुन्या मालकाने त्या टँकमध्ये माशांच्या पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगावर तांब्याचं औषध वापरलं होतं का तेही विचारा. दगड तांबं धरून ठेवतो आणि सावकाश सोडतो. म्हणूनच टँकसोबत आरओच्या पाण्याचाही नमुना पाठवा.

आयोडिनचा हिशोब करून दाखवतो, म्हणजे मी बाटल्यांना का घाबरतो ते कळेल. समुद्रात आयोडिन लिटरला साधारण ६० मायक्रोग्रॅम. दगड-वाळू वजा जाता तुमच्याकडे २५० लिटर पाणी धरू, म्हणजे अख्ख्या टँकमध्ये असायला हवं १५ मिलीग्रॅम. ५ टक्क्यांच्या लुगोलमध्ये (आयोडिनचं नेहमीचं द्रावण) आयोडिन अधिक पोटॅशियम आयोडाइड मिळून मिलीलिटरला सुमारे १२६ मिलीग्रॅम आयोडिन असतं, म्हणजे एका थेंबात सहाच्या वर. अडीच थेंबांत पूर्ण टँकभर आयोडिन झालं! आणि बाटली म्हणते 'रोज काही थेंब'. तुमची बाटली किती टक्क्यांची आहे ते आधी वाचा, नसेल लिहिलं तर परत करा. जखमेवर लावायचं पोव्हिडोन आयोडिन हा याचा पर्याय नाही. घरी मिळणाऱ्या आयोडिन किटवरही विसंबू नका: पाण्यात ते आयोडाइड, आयोडेट आणि सेंद्रिय अशा रूपांत असतं, किट सगळी पकडतंच असं नाही.

स्ट्रॉन्शियमची गोष्ट जरा वेगळी. समुद्रात ते ८ पीपीएम (दशलक्षात आठ भाग) असतं आणि कॅल्शियमबरोबर सांगाड्यात जाऊन बसतं. ढोबळ मानाने २० पीपीएम कॅल्शियम खर्च झालं की ०.४ पीपीएम स्ट्रॉन्शियम जातं, आणि आल्कलिनिटी २.८ डीकेएच. एसपीएसने गच्च भरलेला टँक दिवसाला १ डीकेएच खातो, तिथे आठवड्याला एक पीपीएम स्ट्रॉन्शियम कमी होतं आणि १० टक्के पाणी बदलून ते भरून निघत नाही. तिथे बाटली योग्य. तुमचा टँक किती खातो ते पाहायला आल्कलिनिटीचा डोस एक दिवस थांबवा आणि सकाळ-सकाळची आल्कलिनिटी मोजा. दोन फ्रॅग आणि थोड्या एलपीएसचा (हॅमर-टॉर्चसारखी मोठ्या पॉलिपची कोरलं) खर्च किरकोळ निघेल असा माझा अंदाज आहे.

ट्रेस मिक्स मी घेतच नाही. एका घटकाची गरज म्हणून दहा घालायचे, आणि त्यातले जे कुणी खात नाही ते साठत जातात. दर आठवड्याला १० टक्के पाणी बदललंत तरी न खपणारा घटक हळूहळू आठवड्याच्या दहा डोसांइतका जमा होतो. चांगल्या मिठाने केलेला तोच १० टक्के बदल तुमच्या टँकला पुरेसा आहे.

नमुना डोसिंगच्या आधी घ्या, लॅबच्याच नळीत, आणि नळी टँकच्या पाण्याने दोन-तीनदा विसळून. कुरिअरला वेळ लागतो, त्यामुळे आल्कलिनिटी-फॉस्फेट घरच्या किटवरच पाहा. एका रिपोर्टवर काही सुरू करू नका. मधल्या काळात मीठ, खाणं, मीडिया तेच ठेवून दुसरा नमुना पाठवा. दोन्हींत आयोडिन खाली आणि घसरतं दिसलं तरच घाला, तेही लुगोल आरओच्या पाण्यात शंभरपट पातळ करून, मिलीलिटरच्या सिरिंजने. तोवर लुगोलची बाटली गडद काचेचीच असू द्या, बूच घट्ट लावून अंधारात, मुलांच्या हाती लागणार नाही अशी. स्ट्रॉन्शियम काही खराब होत नाही, आणि ट्रेस मिक्सचे पैसे दुकानदार परत देत असेल तर बघा.