रिकामा डबा आणि ४०० रुपये

चि. मुक्ता हिला अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज वाचला. शेवटी ‘बाबा, एका ओळीत सांग’ असं लिहिलंयस. एका ओळीत सांगण्यासारखं असतं तर आजीनेच सांगून टाकलं असतं, ती बोलण्यात कंजूस नाही. तेव्हा हे पत्र जरा बसून वाच.

झालं काय, ते मला नीट कळलंय का बघ. सोलापुरात आजीच्या शेजारच्या अक्कांनी शेंगाचटणी दिली. चटणी संपल्यावर तू डबा लख्ख घासलास, आत ‘थँक्यू’ लिहिलेलं कार्ड आणि ४०० रुपयांचं पाकीट ठेवलंस आणि नेऊन दिलास. संध्याकाळी अक्का आल्या, पाकीट आजीच्या हातात ठेवलं, “पैशे घेऊन चटणी देतेत का कुणी?” एवढंच म्हणाल्या आणि गेल्या. तेव्हापासून तू गॅलरीत दिसलीस की आत जातात. आजी तुझ्यावर फुगलीय. तुझं म्हणणं, फुकट घ्यायला बरं वाटलं नाही म्हणून दिले, यात अपमान कुठे आला? आणि त्याला जोडून दुसरा टोला. १२ जानेवारीला आजोबांबरोबर चार हुतात्मा चौकात गेलीस, तिथली गर्दी आणि हार पाहिलेस, आणि मला विचारतेस, “साध्या थँक्यूवर विश्वास न ठेवणाऱ्या लोकांना स्वतःच्या गावाचा, देशाचा एवढा अभिमान कसला? आणि तुला तरी कसला? तू तर सोडून गेलास.”

पाकिटापासून सुरू करतो. इथे कॅनडात, मिसिसागात वाढलेल्या मुलीने जे करावं तेच तू केलंस. इथे चौघी मैत्रिणी पिझ्झा खायला गेल्या तर टेबलावरून उठायच्या आत प्रत्येकीचे पैसे सेंटपर्यंत इकडून तिकडे गेलेले असतात. खोटं कशाला बोलू, मला ही पद्धत आवडते. रात्री झोपताना कुणाचं काही देणं राहिलेलं नसतं.

सोलापुरात (आणि सोलापुरातच कशाला, आपल्याकडे कुठेही) शेजारचा डबा रिकामा परत जात नाही. घरात काही केलेलं नसलं तर चिमूटभर साखर तरी घालायची. आजीला विचारशील तर ती शुभ-अशुभाचं काहीतरी सांगेल. ते असू दे. मला त्यात वेगळंच दिसतं. आजीच्या कपाटात खालच्या कप्प्यात साड्यांखाली एक लाल वही आहे, ती मागून घे. आमच्या लग्नातल्या आहेराची आहे. नाव, गाव आणि पुढे काय आलं ते: १०१ रुपये, स्टीलचं पातेलं, ब्लाउजपीस, ‘घड्याळ (भिंतीवरचं, बंद)’. हो, ‘बंद’ असंसुद्धा लिहिलंय, तुझ्या पणजीचं अक्षर आहे ते. त्या यादीतल्या कुणाच्या घरी लग्न निघालं की आजी आधी ती वही काढते आणि मग पाकीट भरते.

तेव्हा मराठी माणसं आपसात हिशेब ठेवत नाहीत, असं तुला कुणी सांगितलं तर हसून सोडून दे. पैन्‌पै ठेवतात. फक्त मिटवत नाहीत. त्यांचे १०१ आले असतील तर आपले १५१ जातात, म्हणजे आता थोडं त्यांच्याकडे निघतं. पुढच्या कार्याला ते २५१ देतात, की परत आपल्याकडे. बरोबरी कधी होऊच द्यायची नाही. मोजून तेवढेच १०१ परत केले तर समोरचा काय समजायचं ते समजतो. आता अक्कांच्या जागी उभी राहून तुझं पाकीट उघड. चटणीची किंमत झाली, वर कार्डही आलं, म्हणजे मामला संपला. तुझ्या मनात तसं काही नव्हतं, पण मन पाकिटात घालून पाठवता येत नाही ना.

त्या खात्यात चटणी ही तर सगळ्यात किरकोळ बाब आहे. शेंगदाणे भाजून, सालं पाखडून, लसूण-जिरं-तिखट घालून तेल सुटेपर्यंत खलबत्त्यात कुटायला अक्कांचे खांदे दुखतात, मिक्सरला त्या हात लावत नाहीत, हे सगळं खरं. पण गेले कित्येक महिने तू तिथे आहेस, पाण्याचं काय चालतं ते बघतेसच. चार-पाच दिवसांआड नळ येतो, तोही कधी दुपारी, कधी मध्यरात्री. शंभराहून जास्त किलोमीटरवरच्या उजनी धरणातून ते पाणी यायचं, म्हणून आम्ही लहानपणापासून वाटच बघतोय. आजी-आजोबा पुण्याला आत्याकडे गेले की आपल्या घराची किल्ली अक्कांच्या देव्हाऱ्याशेजारच्या खिळ्याला असते. रात्री दोनला नळाला फुसफुस आवाज आला की ही बाई उठते, आधी स्वतःचे पिंप लावते, मग आपलं कुलूप काढून आपली टाकी भरते. सकाळी फोन करते, “भरली हो.” त्याचे किती रुपये लावणार? आणि त्यांच्या मुलाला आजोबांनी दहावीचं वर्षभर गणित शिकवलं, त्याची फी कोण कुणाला देणार? त्यांच्या घरात कन्नड, आपल्या घरात मराठी, मागच्या गल्लीत तेलुगू, पलीकडे दखनी उर्दू. भांडणंही होतात, नळावरून होतात, गाडी दारात लावण्यावरून होतात. किल्ली मात्र खिळ्यावरून हलत नाही.

तुझ्या आईचंही ऐकून ठेव. इथे आलो त्या पहिल्या दिवाळीत तिने शेजारच्या म्हाताऱ्या बाईंना डबाभर करंज्या नेऊन दिल्या. दुसऱ्याच दिवशी डबा दारात! घासलेला, पुसलेला, आत सुंदर अक्षरात आभाराची चिठ्ठी. आणि बाकी काही नाही. तुझी आई हिरमुसली, “आवडल्या नसतील त्यांना.” त्या बाई बिचाऱ्या महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला करंज्यांचं कौतुक सांगत होत्या, हे आम्हाला फार नंतर कळलं. दोन्हीकडे माणसं सज्जन, डबाही तोच.

आपल्या पद्धतीला खोट नाही असं समजू नकोस. उघड्या खात्याचे टोमणे फार वाईट असतात. ‘आम्ही तुमच्यासाठी एवढं केलं’ हे वाक्य मी कितीतरी घरांतून ऐकलंय आणि त्या वाक्यावर भाऊ-भाऊ तुटलेले पाहिलेत. ज्याची परत करायची ऐपत नसते तो हळूहळू लग्नाकार्याला यायचाच बंद होतो, आणि मग लोक म्हणतात, त्याला माणसं नकोत. हल्ली पत्रिकेवर ‘कृपया आहेर आणू नये’ असं छापतात, ते मला बरं वाटतं. आजीला वाटत नाही.

आता तुझा दुसरा टोला.

चौकात पुतळे पाहिलेस ती नावं नीट वाचलीस का? मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, जगन्नाथ शिंदे, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. १२ जानेवारी १९३१ ला चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी दिलं. त्याच्या आदल्या मे महिन्यात गांधीजींना अटक झाली, गिरणीकामगारांचं गाव पेटलं, ८ मे रोजी गोळीबार झाला. मंगळवार पेठेतली पोलीस चौकी जळाली, पोलीस मारले गेले, हेही सांगायला हवं. पुढचे तीन दिवस गावात इंग्रजांचा अंमल उरला नव्हता. काँग्रेसचे स्वयंसेवक चौकाचौकात उभे राहून गाड्या-टांगे सोडत होते. गावाच्या दृष्टीने ते स्वराज्य होतं आणि सरकारच्या दृष्टीने अराजक. १२ मेपासून लष्करी कायदा आला. गांधी टोपी घातली तरी शिक्षा. त्या पोलिसांच्या खुनाशी या चौघांचा काही संबंध नव्हता, असं सोलापूर आजही मानतं.

एक लिंगायत, एक मारवाडी, एक मराठा, एक मुसलमान. कुणी मुद्दाम निवडून काढलेले नाहीत हे, गावच तसं आहे. आजोबा वर्षभर महापालिकेला पाण्यावरून शिव्या घालतात आणि त्या दिवशी इस्त्रीची टोपी घालून चौकात जाऊन उभे राहतात. तुला त्यात विसंगती दिसली. मला नाही दिसत. ज्याला अभिमान असतो तोच शिव्या घालतो, परका माणूस कशाला तोंड वाईट करून घेईल? मला खटकतो तो आमच्या इथल्या ग्रुपवर सकाळ-संध्याकाळ येणारा अभिमान. आपण जगात पहिले, बाकीचे आपल्यानंतर, पुढे पाठवा. त्यात कुणाचं काही देणं लागत नाही, सगळं येणंच येणं.

सातवीत शाळेच्या सहलीला तू ग्रेव्हनहर्स्टला गेली होतीस, डॉक्टर नॉर्मन बेथ्यून यांचं घर पाहायला. चीनमध्ये जखमी सैनिकांवर उपचार करताना १९३९ मध्ये वारलेला कॅनेडियन डॉक्टर. त्यांच्या नावाचं तिथे रुग्णालय निघालं, आणि त्याचे प्रमुख झाले आपल्या सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस. जन्म १९१०. १९३८ मध्ये, आपणच गुलाम असताना, काँग्रेसने पाच डॉक्टरांचं पथक चीनला पाठवलं, त्यातले ते एक. वडील गेल्याची बातमी तिकडेच कळली, तरी परतले नाहीत. तिथली भाषा शिकले, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं, मुलगा झाला, आणि डिसेंबर १९४२ मध्ये, वयाच्या ३२ व्या वर्षी तिथेच गेले.

हे तुला शाळेत कुणी सांगितलं नाही. मलाही त्याची किंमत सोलापुरात असताना कळली नव्हती, त्यांचं घर आहे त्या भैय्या चौकातून सायकलवरून रोज जायचो तरी. माझ्या ऑफिसात हबेई प्रांतातले एक गृहस्थ आहेत. पहिलं वर्षभर आम्ही एकमेकांशी जपूनच बोलायचो. गलवानला चकमक झाली तेव्हा आठवडाभर जेवणाच्या टेबलावर दोघेही नुसतं हवामानावर बोललो. मग एकदा गावांचा विषय निघाला. सोलापूर त्यांना माहीत नव्हतं. मी फोनवर कोटणीसांचा फोटो दाखवला. त्यांनी चमचा खाली ठेवला. “को दिहुआ,” म्हणाले. तिकडे त्यांना याच नावाने ओळखतात. त्यांच्या आजोबांपासून घरात ते नाव होतं. शिच्याच्वांगमध्ये बेथ्यून आणि कोटणीस दोघांच्याही समाध्या आहेत, शाळेतून त्यांना तिथे नेत असत. १९६२ चं युद्ध झालं, पुढे काय काय झालं, ती समाधी आहे तिथेच आहे. “तुमच्या गावचं आमच्यावर देणं आहे,” म्हणाले. मी काय बोलणार? कोटणीस माझे कुणी लागत नाहीत, मी साधा टॅक्सचा माणूस. तरी त्या दिवशी जे वाटलं त्याला मी अभिमान म्हणतो, आणि त्यात चीनपेक्षा भारत मोठा वगैरे काही नव्हतं. सोडून आलो म्हणून ते सुटत नाही. आता आम्ही सीमेवरच्या बातम्यांवरही बोलतो. पटत नाही, पण बोलतो.

आता करायचं काय ते. अक्कांकडे सॉरी म्हणायला जाऊ नकोस, त्या आणखी अवघडतील. आजीचा एक डबा घे, तिचं नाव कोरलेला, आणि तू इथे करतेस तो बनाना ब्रेड करून ने. अंडं बिलकुल घालू नकोस, त्यांच्या घरात चालत नाही. दही घाल, सोडा घाल, फुगतो. ओव्हन नाही म्हणून अडू नकोस, कुकरची शिट्टी आणि रिंग काढून तळाला मीठ पसरून भाजतात, आजीला येतं. डबा ठेवून ये आणि परत मागू नकोस.

आणि ते ४०० रुपये? होम मैदानावर गड्डा, म्हणजे सिद्धेश्वराची जत्रा, अजून उठला नसेल. अक्कांच्या नातीला घेऊन जा, पाळण्यात बसा, भज्या खा. निघताना अक्का तुझ्या हातात पैसे कोंबतील. दोनदा नको म्हण, तिसऱ्यांदा घे.

तुझा,
बाबा