झबल्याची आतली बाजू

वाचकांचे शिवणविषयक प्रश्न आणि त्यांची उत्तरे

गेल्या दोन महिन्यांत आलेल्या पत्रांत लहान मुलांच्या कपड्यांविषयी आणि बारशाला किंवा वाढदिवसाला घरी शिवून द्यायच्या भेटींविषयी विचारणारी पत्रे सर्वांत अधिक होती. त्यांतील पाच पत्रे येथे घेतली आहेत. प्रत्येक पत्र वाचताना मी एक गोष्ट आधी पाहिली, ती म्हणजे शिवलेला कपडा उलटा केला तर आत काय दिसेल. कारण पाहुण्यांना कपड्याची बाहेरची बाजू दिसते, पण बाळाच्या अंगाला दिवसभर आतलीच लागते.

प्रश्न : दोन महिन्यांच्या नातीसाठी मी पाच झबली शिवली. लक्ष्मी रस्त्यावरून चांगल्या प्रतीचे पॉपलिन आणले, गळ्याला आणि बाह्यांना लेस लावली. परंतु झबले घातले की नातीच्या मानेशी आणि काखेत लाल होते, म्हणून सून आता विकतचेच कपडे घालते. माझे कोठे चुकले?
— एक आजी, सदाशिव पेठ

उत्तर : आजी, पत्रासोबतच्या छायाचित्रात झबली देखणी दिसतात आणि टीपही सरळ आहे. त्रास तीन ठिकाणांहून होत असावा, असे मला वाटते : न धुतलेले कापड, आतून उघडी राहिलेली शिवण आणि नायलॉनची लेस. (झबले काढल्यावरही लाली एक-दोन दिवसांत गेली नाही, तर मात्र शिवणीचा विचार बाजूला ठेवून बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.)

नवे पॉपलिन घट्ट विणीचे असते आणि त्यावर दुकानातली खळ असते. तान्ह्या बाळासाठी मलमल किंवा मऊ वॉयल घ्यावे, ते रात्रभर साध्या पाण्यात भिजवावे, सकाळी धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच बेतावे. सुती कापड पहिल्या धुण्यात शेकडा तीन ते पाच इतके आटते, त्यामुळे न भिजवता शिवलेले झबले दुसऱ्याच आठवड्यात काखेत दाटते.

आता शिवणीविषयी. तुमचे एक झबले उलटे करून काखेतली कड अंगठ्याच्या टोकाने चाचपून पाहा. कात्रीने कापलेल्या कडेचे सुटे धागे आणि त्यांना जागोजागी बसलेल्या दोऱ्याच्या गाठी तुमच्या बोटाला लागतील. ज्या कातडीला त्या घासतात ती आपल्या कातडीहून कितीतरी नाजूक असते. यासाठी फ्रेंच शिलाई घालावी. शिवणकामात पाव इंच म्हणजे दोन सूत हे माप तुम्हांला ठाऊक असेलच. शिलाईची माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला राखायचे जादा कापड, एकूण पाच सूत ठेवावी. प्रथम कापडाच्या उलट्या बाजू एकमेकींना लावून, म्हणजे सुलट बाजू बाहेर ठेवून, कडेपासून तीन सुतांवर टीप मारावी, राहिलेली माया कातरून एक सूत ठेवावी, कापड पलटून शिवणीवर नखाने किंवा इस्त्रीने घडी बसवावी आणि मग दोन सुतांवर दुसरी टीप मारावी. कापलेली कड या दोन टिपांच्या मध्ये कायमची बंद होते. बाहीच्या जोडाची शिवण मुळातच टाळायची असेल तर मुंढा, म्हणजे बाही जोडायची गोलाई, न कापता बाही अंगातच बेतावी. दोन-तीन महिन्यांच्या बाळाला असे झबले पुरेसे सैल होते.

गळ्याला लेस लावू नये. त्याच मलमलीची तिरपी पट्टी काढावी, ती नेहमीप्रमाणे सुलट बाजूने न जोडता उलट बाजूने जोडावी आणि बाहेर पलटून टीप मारावी. पट्टीची घडी बाहेर दिसते, ती शोभेची होते आणि आत मानेला केवळ सपाट कापड लागते. माझ्या भाचीच्या बारशाला शिवलेल्या झबल्याला मीही जाळीची लेस लावली होती, आणि तिच्या मानेवर उमटलेली त्या जाळीची नक्षी मला अजून आठवते. तेव्हापासून लेस लावायचीच झाली तर ती मी छातीच्या खाली, बाहेरून लावते.

आणखी एक गोष्ट तुम्ही विचारली नाही, तरी सांगते. जन्मतः बाळाच्या डोक्याचा घेर छातीच्या घेराहून थोडा अधिक असतो आणि वर्षाच्या सुमारास दोन्ही सारखे होतात. म्हणून डोक्यातून घालायचे झबले गळ्याला पुरेसे मोठे केले तर खांद्यावरून घसरते, आणि खांद्याला बेताचे केले तर डोक्यात अडकते. पाठीवर उघडणारे झबले ही अडचण सोडवते, पण बाळ दिवसाचा मोठा भाग पाठीवरच निजलेले असते आणि बंदांच्या गाठी त्याच्या पाठीखाली येतात. मला बाराबंदीसारखे पुढून एकावर एक येणारे आणि कुशीत आखूड बंदांनी बांधायचे झबले सर्वांत सोयीचे वाटते.

शिवलेली पाच झबली टाकून देऊ नका. लेस उसवा, काखेतल्या शिवणीवर मलमलीची पट्टी हाताने बारीक टाक्यांनी बसवा, चार-पाच वेळा धुवा आणि मग सूनबाईंच्या हातात द्या.

प्रश्न : मैत्रिणीच्या बाळाचे बारसे आहे. मोहरीची उशी, कुंची आणि छोटी गोधडी असा संच शिवून द्यायचा विचार आहे. उशीत मोहरी किती भरावी?
— एक वाचक, धायरी

उत्तर : ताई, संचातून उशी वगळावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे. डोक्याला गोल आकार यावा म्हणून मोहरीची उशी देण्याची आपल्याकडची रीत जुनी आणि मायेची आहे. परंतु पहिल्या वर्षात बाळाला पाठीवर, सपाट आणि घट्ट बिछान्यावर, उशीशिवाय निजवावे आणि त्याच्याजवळ उशी, जाड पांघरूण किंवा मऊ खेळणी ठेवू नयेत, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. झोपेत नाकतोंड दबले तर एवढ्या लहान बाळाला मान वळवून सुटता येत नाही. शिवाय उशीची शिवण उसवली तर मोहरीचे दाणे नाकाकानात जाऊ शकतात. डोके एका बाजूला चपटे होऊ नये म्हणून निजवताना त्याच्या डोक्याची बाजू बदलावी आणि ते जागे असताना कोणी समोर बसून थोडा वेळ पालथे घालावे.

कुंची अवश्य शिवा, पण हनुवटीखाली बांधायची नाडी लावू नका. युरोपातील मानकानुसार सात वर्षांखालील मुलांच्या कपड्यांना गळ्याशी किंवा टोपीला नाडी चालत नाही, कारण ती कशात अडकली तर गळा आवळला जातो. नाडीच्या जागी ओढल्यावर सुटणारे एक टिचबटण लावा. ते बाहेरच्या थरावरच बसवा, आतल्या थरापर्यंत त्याचा धातू येऊ देऊ नका. पुण्यातल्या पौषातल्या सकाळी बाळाला कडेवर घेऊन बाहेर पडताना कुंचीसारखे दुसरे काही नाही. घरात आल्यावर मात्र ती काढून ठेवावी आणि कुंचीसकट बाळाला निजवू नये.

गोधडी ही तुमच्या संचातली सर्वांत चांगली भेट ठरेल. ती निजताना पांघरायला न देता जमिनीवर पसरून बाळाला खेळवायला द्यावी. वरचा आणि खालचा थर जुन्या सुती साडीचा असावा. साडी उजेडासमोर धरून पाहिली की विरलेली जागा जाळीसारखी दिसते. ती सोडून उरलेले कापड घ्यावे. मध्ये एक किंवा दोनच थर घालावेत. कडेने सुरुवात करून चौकोनामागून चौकोन असा धावदोरा आत मध्यापर्यंत नेला तर थर सरकत नाहीत. काम सुरू करण्यापूर्वी टाचण्या मोजून एका डबीच्या झाकणावर आकडा लिहून ठेवा आणि गोधडी घडी घालण्यापूर्वी पुन्हा मोजा. एक जरी कमी भरली तरी ती सापडेपर्यंत गोधडी बारशाला नेऊ नका.

प्रश्न : मुलाची पहिली संक्रांत आहे. बोरन्हाणासाठी काळे झबले शिवायचे आहे, पण काळा रंग जातो. मीठ किंवा व्हिनेगर लावून तो पक्का होतो का?
— एक आई, बिबवेवाडी

उत्तर : होत नाही. कारखान्यात रंगवलेल्या कापडाचा रंग तेथेच जेवढा बसायचा तेवढा बसलेला असतो, घरच्या मिठाने त्यात काही फरक पडत नाही. दुकानातच पांढऱ्या ओल्या रुमालाने कापडाची कड जोराने घासून पाहावी आणि रुमाल काळा झाला तर ते कापड घेऊ नये. घरी आणल्यावर पाणी स्वच्छ निघेपर्यंत धुवावे. तरीही मी काळ्या झबल्याला आतून पांढऱ्या मलमलीचे पूर्ण अस्तर लावते, म्हणजे रंगाचा आणि घामाचा प्रश्न मिटतो आणि जानेवारीत थोडी ऊबही राहते. हलव्याचे दागिने झबल्यावर शिवून टाकू नयेत. त्यांचे काटे टोचतात आणि सुटलेला दाणा थेट तोंडात जातो. ते वेगळ्या दोऱ्यात ओवून छायाचित्रापुरते घालावेत आणि बोरे-चुरमुरे डोक्यावरून ओतण्याआधी काढून घ्यावेत.

प्रश्न : मुलासाठी होजियरीच्या विजारी शिवतो. सुती कापडावर उत्तम चालणारे मशीन होजियरीवर टाके सोडते. मशीनमध्ये बिघाड आहे का?
— एक वडील, कर्वेनगर

उत्तर : बहुधा नाही, सुई बदलून पाहा. होजियरी हे फाशांनी विणलेले, ताणले जाणारे कापड असते. नेहमीच्या अणकुचीदार सुईने त्याचे फासे तुटतात आणि टाका सुटतो. बॉलपॉइंट सुईचे टोक किंचित गोल असते, ते धागे बाजूला सारून आत शिरते. पातळ होजियरीला ११ नंबरची पुरते. तुमच्या मशीनवर नागमोडी टाका असेल तर तो अगदी अरुंद ठेवून घाला, नसेल तर सरळ टीप मारताना कापड हलके ताणून धरा, म्हणजे मूल उकिडवे बसले की टीप तुटणार नाही. कमरेचे इलॅस्टिक उघडे न ठेवता नेफ्यातच घालावे.

प्रश्न : माझी आई मागच्या वर्षी गेली. तिची एक इरकली साडी माझ्याकडे आहे. तिचे चार वर्षांच्या मुलीसाठी परकर-पोलके शिवावे असे मनात आहे, पण कात्री लावायचे धाडस होत नाही. साडीवर एका जागी आईने स्वतःच्या हाताने केलेले रफू आहे. तेवढा भाग कापून टाकावा का?
— एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तो भाग कापू नका. रफू कोठे येऊ द्यायचे, ते शेवटी सांगते.

आधी साडी सौम्य साबणाच्या पाण्यात हाताने धुऊन सावलीत वाळवा. बहुतेक इरकलीचे अंग सुती असते आणि पदर रेशमी. दोन्ही वेगवेगळे आटतात, म्हणून धुण्याआधी ते एकमेकांना जोडू नयेत. मग घड्यांच्या जागी दोन्ही अंगठ्यांमध्ये कापड धरून हलके ताणा. तेथे धागे सुटत असतील तर तो भाग परकरात घेऊ नका.

चार वर्षांच्या मुलीची कंबर साधारण वीस-एकवीस इंच असते. घेर त्याच्या तिप्पट, म्हणजे साडीच्या लांबीतून साठ इंच घ्या. साडीचा काठ हाच परकराचा काठ ठेवा, म्हणजे खाली दुमडावे लागत नाही. कमरेपासून घोट्यापर्यंत तेवीस इंच उंची धरली, तर वरच्या जोडासाठी दीड इंच आणि काठाच्या वर घालायच्या तीन आडव्या टकांसाठी, म्हणजे टीप मारून बसवलेल्या दुमडींसाठी, तीन इंच असे मिळून साडेसत्तावीस इंच कापड लागेल. अर्ध्या इंचाचा एक टक एक इंच कापड पोटात घेतो. या वयात मूल वर्षाला साधारण सहा-सात सेंटिमीटर वाढते आणि त्यातली अर्ध्याहून अधिक वाढ पायांची असते, त्यामुळे एकेक टक उसवत गेलात तर परकर दोन वर्षे सहज पुरेल. टकाची टीप लांब टाक्याची ठेवा, म्हणजे उसवताना जुने कापड ताणले जाणार नाही.

कमरेला नाडी नको. सणाच्या दिवशी नाडी आवळून नेसवलेला परकर संध्याकाळी सोडला की मुलीच्या कमरेवर लाल वळ दिसतो. त्याऐवजी मलमलीची बिनबाह्यांची बंडी शिवून परकर तिला जोडा, म्हणजे त्याचे वजन खांद्यांवर येते. पोलके या बंडीवरून घालायचे. पदराच्या रेशमाचे पोलके करणार असाल तर त्याला आतून मलमलीचे अस्तर द्या. बटणे हवी असतील तर रविवार पेठेत बोहरी आळीत कापडी मढवलेली बटणे करून मिळतात. ती घट्ट शिवा आणि घरात याहून धाकटे मूल असेल तर दर धुण्याला ओढून पाहा.

राहिले रफू. चांगले रफू म्हणजे शिकून घेतलेली कला असते. रमाबाई रानडे यांच्या पुढाकाराने १९०९ साली पुण्यात सुरू झालेल्या सेवासदनासारख्या संस्थांमधून या शहरातल्या कितीतरी स्त्रिया शिवण शिकल्या आणि त्यांच्या हातचे काम घरोघरीच्या कपाटांत अजून आहे. तुम्ही पाठवलेल्या छायाचित्रात आईंचा उभा धागा आणि आडवा धागा साडीच्या विणीशी इतका मिळून गेला आहे की मला ती जागा शोधावी लागली. परकर बेतताना ही जागा उजव्या बाजूला, मुलीचा हात सरळ सोडल्यावर बोटे जेथे पोहोचतील त्या उंचीवर येईल असे साडीचे साठ इंच निवडा. तिच्या मागे मलमलीचा चौकोन ठेवा आणि तो चारही कडांनी हाताने, दोरा न ताणता, बारीक धावदोऱ्याने बसवा. मशीन तेथे चालवू नका. कात्री लावण्यापूर्वी सगळा बेत खडूने आखून साडी एक रात्र तशीच अंथरून ठेवा आणि सकाळच्या उजेडात रफूची जागा पुन्हा एकदा मोजून घ्या.