पुल रिक्वेस्ट हिरवी, तरी मेन ब्रँच तुटलेली

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: बारा जणांची टीम आहे, सीआय (बदलांवर आपोआप बिल्ड आणि टेस्ट चालवणारी यंत्रणा) आहे, प्रत्येक पुल रिक्वेस्ट, म्हणजे बदल जोडण्याची विनंती, हिरवी (टेस्ट पास) होऊनच मेनमध्ये, म्हणजे सगळ्यांच्या सामाईक मुख्य ब्रँचमध्ये, मर्ज होते. तरी सकाळी पुल केलं (ताजा कोड उतरवून घेतला) की आठवड्यातून दोन-तीनदा बिल्ड, म्हणजे कोडपासून चालता प्रोग्रॅम बनवणं, फेल होतो आणि ज्याला विचारावं तो म्हणतो, "माझ्याकडे चालतंय."

यात कोणी खोटं बोलत नसतं, म्हणून कोणाला दोष देत बसू नका. सीआयने हिरवा दिला तो तेव्हाच्या मेनवर. मर्ज होईपर्यंत मेन पुढे गेलेली असते. मी स्वतः पाहिलेला प्रकार सांगतो. एकाने 'गेट युजर' या फंक्शनचं नाव बदलून 'फाइंड युजर' केलं आणि सगळीकडे नीट बदललं. त्याच दिवशी दुसऱ्याने एका नव्या फाइलमध्ये जुन्या नावानेच ते फंक्शन वापरलं. दोन्ही रिक्वेस्ट हिरव्या, फाइली वेगळ्या, त्यामुळे गिटला (कोडमधले बदल नोंदवणारं आणि जोडणारं साधन) कॉन्फ्लिक्ट, म्हणजे एकाच जागी झालेले परस्परविरोधी बदल, दिसलाच नाही. दोन्ही मर्ज झाल्या आणि बिल्ड गेला. गिट फक्त ओळी जुळवतं, त्या ओळींचा अर्थ त्याला कळत नाही.

उपाय एकच: जे मेनवर जाणार आहे, नेमकं तेच आधी तपासायचं. रस्ट या प्रोग्रॅमिंग भाषेच्या प्रकल्पात हे काम बॉर्स नावाचा बॉट (आपोआप चालणारा प्रोग्रॅम) करत आला आहे. बदल ताज्या मेनशी एका वेगळ्या ब्रँचवर जोडायचा, सगळ्या टेस्ट चालवायच्या, आणि पास झाल्या तरच मेन तिथपर्यंत पुढे न्यायची. हीच सोय गिटहबवर मर्ज क्यू म्हणून 2023 पासून उपलब्ध आहे, गिटलॅबवर तिला मर्ज ट्रेन म्हणतात. मात्र आधी बिल्डचा वेळ मोजा. 40 मिनिटं लागत असतील आणि रांग एकेकाची असेल, तर आठ तासांत बाराच मर्ज होतील. मग लोक रांग चुकवायला लागतात. म्हणून कॅशिंग करा (आधी तयार झालेले भाग पुन्हा वापरा), हळू टेस्ट रात्रीच्या फेरीत ढकला, किंवा चार-पाच बदल एकत्र तपासा.

दुसरं म्हणजे "माझ्याकडे चालतंय". त्याची कारणं बहुधा किरकोळ असतात: नवी फाइल गिटमध्ये ॲड करायची राहिली, जुन्या बिल्डचे अवशेष फोल्डरमध्ये पडून आहेत, कंपायलरची आवृत्ती वेगळी आहे. आमच्याकडे एकदा फाइलचं नाव मोठ्या अक्षराने सुरू होत होतं आणि कोडमध्ये लहान अक्षराने लिहिलं होतं. मॅक आणि विंडोजवर बिल्ड बिनतक्रार झाला, लिनक्सवर फाइल सापडेना. सीआयमध्ये दर वेळी रिकाम्या फोल्डरात नवा क्लोन (कोडची पूर्ण प्रत) घ्या. लॉकफाइल (वापरलेल्या पॅकेजांच्या नेमक्या आवृत्त्यांची फाइल) कमिट करा, म्हणजे गिटमध्ये नोंदवा, आणि एनपीएम (जावास्क्रिप्टची पॅकेजं बसवणारं साधन) वापरत असाल तर सीआयमध्ये 'इन्स्टॉल' नको, 'सीआय' हीच कमांड द्या. लॉकफाइल आणि पॅकेजची यादी जुळली नाही, तर ती तिथेच थांबते.

आता सगळ्यात अवघड भाग. एवढं करूनही कधीतरी मेन तुटेलच, आणि तेव्हा बहुतेक जण म्हणतात, "पाच मिनिटांत फिक्स करतो." त्या पाच मिनिटांचा तास होतो आणि बाकीचे अकरा जण अडकून पडतात. माझं ठाम मत आहे, आधी रिव्हर्ट (तो बदल मागे घेणं), मग चर्चा. रिव्हर्ट कोणीही करावा, परवानगी विचारू नये, आणि ज्याचा कोड परत गेला त्याला तो अपमान वाटू नये. हे सीनियर मंडळींनी स्वतःच्या कोडवर करून दाखवलं तरच रुजतं. एक खाचखळगा लक्षात ठेवा: मर्ज कमिट रिव्हर्ट केल्यावर तीच ब्रँच पुन्हा मर्ज केली, तर जुने बदल परत येत नाहीत, कारण गिटच्या हिशेबी ते आधीच आलेले असतात. त्यासाठी आधी त्या रिव्हर्टचा रिव्हर्ट करावा लागतो.

हे सगळं कशासाठी, असं टीममध्ये कोणी विचारलं तर गिट बायसेक्ट दाखवा, म्हणजे दर वेळी निम्मे कमिट (नोंदवलेले बदल) बाद करत बग शोधणारी कमांड. हजार कमिटांमधून बग आणणारा कमिट साधारण दहा पायऱ्यांत सापडतो, पण मधले कमिट बिल्डच होत नसतील तर स्किप करत बसावं लागतं आणि शेवटी नेमका कमिट न मिळता संशयितांची यादी हाती येते.

तुमचा पूर्ण बिल्ड किती वेळ घेतो आणि दिवसाला किती मर्ज होतात तेवढं सांगा. रांग एकेकाची लावायची की गटाने, ते त्यावरून ठरवता येईल.