नववीच्या मुलांना मुद्दा पटवून द्यायला कसं शिकवावं?

तुमचा प्रश्न असा आहे: 'मी ऐरोलीत नववीला मराठी शिकवतो. मुलांना मत मांडायला सांगितलं की ती घोषणा लिहितात. कारण विचारलं की तीच घोषणा वेगळ्या शब्दांत सांगतात. मुद्देसूद आणि पुराव्यासह लिहायला कसं शिकवू? आठवडाभरात जमेल का?'

मी ठाण्यात वर्तकनगरच्या बाजूला एका मराठी शाळेत अठरा वर्षं शिकवतेय. सुरुवातीची बरीच वर्षं मीही प्रस्तावना, मध्य, समारोप असंच शिकवलं. आधी काव्यपंक्ती, शेवटी 'ही काळाची गरज आहे'. मुलं सांगितलं तसं लिहायची, गुणही मिळायचे, पण त्या निबंधांनी कोणाचं मत बदललं नसतं. ते कोणाला उद्देशून लिहिलेच नव्हते.

म्हणून विषय देताना पटवायचं कोणाला, हेही द्या. मी दरवर्षी ठाण्यातला मासुंदा तलाव, म्हणजे तलावपाळी, घेते. 'गणपतीचं विसर्जन तलावात करावं का?' एवढंच फळ्यावर लिहिलं की पर्यावरणाचा ऱ्हास आणि वसुंधरा वाचवा सुरू होतं. पण 'तुझे आजोबा आयुष्यभर तलावपाळीवरच बाप्पाला निरोप देत आलेत, त्यांना पत्र लिही' असं सांगितलं की वर्ग गप्प होतो. आजोबा 'ऱ्हास म्हणजे नक्की काय रे?' असं विचारणार, हे प्रत्येकाला ठाऊक असतं.

लिहिण्याआधी एक तास नुसत्या बोलण्याला द्या. आमच्या वर्गाच्या खिडकीतून येऊरचा डोंगर दिसतो. मी म्हणते, डोंगरावर आग लागलीय. कशावरून? धूर दिसतोय. धूर दिसला म्हणून काय झालं? जिथे धूर तिथे आग, चुलीत बघतोच की. आपल्याकडच्या न्यायशास्त्रात, म्हणजे तर्काच्या जुन्या शास्त्रात, हाच धुराचा दाखला आहे आणि युक्तिवादाचे पाच अवयव सांगितलेत: प्रतिज्ञा, हेतू, उदाहरण, उपनय, निगमन. ही नावं पाठ करून घेऊ नका. मी मुलांना पाच प्रश्न देते. काय म्हणतोस? कशावरून? असं आणखी कुठे दिसतं? ते इथे कसं लागू होतं? म्हणून काय?

एकदा मागच्या बाकावरून आवाज आला, 'बाई, ते धुकं असेल.' त्या दिवशी मला फार आनंद झाला. वाफेला किंवा धुक्याला धूर समजलो तर पुढचं सगळं अनुमान कोसळतं, हे जुन्या नैयायिकांनीही, म्हणजे न्यायशास्त्राच्या पंडितांनीही, बजावलंय. मग मी उलटं विचारलं, आग असेल तिथे धूर असतोच का? एक मुलगी म्हणाली, आमच्या गॅसला नसतो. नैयायिक इथे तापून लाल झालेल्या लोखंडाच्या गोळ्याचं उदाहरण देत. तिने शेगडीचं दिलं, आणि कारण उलटं फिरवलं की खरं राहतंच असं नाही, हे तासाभरात सगळ्यांना कळलं.

आता पुरावा. शाडूचा एक कच्चा गोळा आणि प्लास्टर ऑफ पॅरिसचा एक गोळा पाण्याच्या दोन बादल्यांत टाका आणि मुलांना दुसऱ्या दिवशी बघू द्या. शाडू विरघळून खाली चिखल झालेला असतो, पीओपी तसाच. मुलं लगेच लिहितात, 'पीओपी विरघळत नाही, म्हणून तलाव नष्ट होतो.'

माझ्या मते सगळं शिकवणं या वाक्यापाशी आहे. मुलांकडे पुरावा असतो आणि मतही असतं, मधला दुवा नसतो. पाच प्रश्नांतला चौथा प्रश्न इथे विचारायचा: बादलीत दिसलं ते तलावाला कसं लागू? मग हळूहळू येतं. मासुंदा चारी बाजूंनी बांधलेला आहे. खाडीसारखी भरती-ओहोटी तिथे नाही, म्हणजे पडेल ते तळाशी साठत जातं. गाळ साठला की खोली कमी होते. रंगांत शिशासारखे जड धातू असले तर तेही त्याच पाण्यात राहतात. ही चार वाक्यं लिहिताना मुलांना जड जातं. ती तुम्ही सांगून टाकू नका, वाट बघा.

एक सोपी युक्ती आहे. पत्रातल्या प्रत्येक 'म्हणून'खाली रेघ मारायला लावा आणि ते वाक्य 'कारण' घालून उलट वाचायला सांगा. 'तलाव नष्ट होतो, कारण पीओपी विरघळत नाही.' मोठ्याने वाचलं की मधली पोकळी मुलांच्याच कानाला खटकते.

समोरच्याची बाजू मात्र सगळ्यात अवघड. दहावीच्या इंग्रजीला व्ह्यू-काउंटरव्ह्यू असतं, म्हणजे दिलेल्या मताच्या विरुद्ध बाजू लिहायची, त्यात बरीच मुलं दिलेल्या मुद्द्यांपुढे फक्त 'नाही' लावतात. तीच सवय मराठीतही येते. मी नियम केलाय की विरुद्ध बाजूचा परिच्छेद त्या बाजूच्या मुलाने वाचायचा आणि 'हो, मला हेच म्हणायचंय' असं त्याने म्हटल्याशिवाय पुढे जायचं नाही. आपल्या परंपरेत पूर्वपक्ष, म्हणजे समोरच्याचं म्हणणं, आधी मांडतात, मगच उत्तर देतात. त्यामागचा प्रामाणिकपणा मुलांना याच वयात कळायला हवा असं मला मनापासून वाटतं.

एका वर्षी वर्गात एक मुलगी होती, तिच्या मामाचा पेणला गणपतीचा कारखाना. ती उभी राहून म्हणाली, शाडूची मूर्ती जड असते, वाळायला वेळ लागतो, नेताना तडकते. पीओपी साच्यातून भराभर निघतं आणि स्वस्त पडतं. बंद केलंत तर माझ्या मामाने काय करायचं? वर्गाकडे उत्तर नव्हतं. मग दोन दिवस चर्चा झाली. शेवटी 'विसर्जन बंद करा' हा दावाच मुलांनी बदलला: 'पीओपीची मूर्ती बंदिस्त तलावात सोडू नये.' कोणीतरी पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची पद्धत शोधून आणली, अमोनियम बायकार्बोनेटच्या द्रावणात पीओपीची मूर्ती विरघळवण्याची. म्हणजे मामाची मूर्तीही घरच्या बादलीत विसर्जित करता येईल. दावा लहान झाला आणि पक्का झाला.

पुराव्याचा दर्जा ओळखायलाही शिकवा. व्हॉट्सॲपवर आलेलं आणि केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने मे २०२० मध्ये काढलेली मूर्तिविसर्जनाची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं यांत फरक काय? मी विचारते, हे सांगणाऱ्याला ते कसं कळलं, आणि चुकलं तर त्याला कोणी जाब विचारू शकतं का? स्वतः पाहिलेलं असेल तर 'मी पाहिलं' असं लिहायचं. बादलीतला गोळा आजोबांना मंडळाच्या पत्रकापेक्षा जास्त पटतो, असा माझा अनुभव आहे.

क्रमाबद्दल थोडंच सांगते. काय म्हणायचंय ते पहिल्या दोन वाक्यांत यावं. आजोबांची बाजू त्यानंतर लगेच, आदराने. आपलं सगळ्यात भक्कम कारण शेवटी. सुविचार कुठेच नको.

आठवडाभरात हे होणार नाही. मला सहा तास लागतात, दोन आठवड्यांत पसरलेले, आणि मधले दोन दिवस मुलं घरी विचारून येतात ते वेगळेच. तलावाचा विषय घेणार असाल तर जुलैतच सुरू करा. बऱ्याच घरांत मूर्ती आधीच नोंदवून ठेवतात, त्याच्या आत पत्र आजोबांच्या हातात पडायला हवं.