कारची एक चावी हरवली आहे. डुप्लिकेट रस्त्यावरच्या चावीवाल्याकडून करून घेऊ का?

आधी चावीच्या काळ्या मुठीत चिप आहे का ते बघा. इमोबिलायझर, म्हणजे चावीतली चिप ओळखल्याशिवाय इंजिन सुरू होऊ न देणारी यंत्रणा, असलेल्या गाडीत नुसतं पातं कापून भागत नाही. दार उघडतं, स्टार्टरही कधी फिरतो, पण इंजिन धरत नाही आणि मीटरवर चावीचा दिवा लुकलुकत राहतो. चिपची नोंद स्टिअरिंगखालच्या सॉकेटला मशीन जोडून करावी लागते. चांगले चावीवाले तेही करतात, फक्त जुनी चावी त्याच्या हाती सोडून चहाला जाऊ नका. शोरूममध्ये जाताना आरसी, ओळखपत्र आणि नवीन गाडीसोबत मिळालेला चावी नंबरचा छोटा टॅग न्या. हरवलेली चावी सिस्टीममधून काढायलाही सांगा. पोलिसांत तक्रार नोंदवाच. उद्या गाडी चोरीला गेली तर विमा कंपनी दोन्ही चाव्या मागते. आणि हे आत्ताच करा, दुसरीही हरवली तर खर्च खूप वाढतो.